एकाच तापीचे दोन काठ

रावेर-यावलच्या केळीबागा तापीखोऱ्यात असल्या, तरी त्यांना पोसते ते सातपुड्याच्या पायथ्याला मुरलेले पाणी. सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगर सोडून सपाटीवर येतात तिथे त्यांचा वेग एकदम मोडतो आणि सोबत आणलेले दगडगोटे, खडी, भरड वाळू त्या तिथेच टाकून देतात. अशा भरावातून डोंगराच्या पायाशी काही किलोमीटर रुंदीचा सच्छिद्र पट्टा तयार झाला आहे. भूजलशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. पायथ्याला खडी, पुढे वाळू, तापीजवळ बारीक गाळ आणि चिकणमाती. वर मुरलेले पाणी या थरांतून सावकाश दक्षिणेकडे सरकते. त्यामुळे तापीकाठच्या विहिरीचे नशीब बऱ्याच अंशी डोंगराखालीच ठरलेले असते.

नदी ओलांडून धुळ्याकडे गेले की हे सगळे बदलते. वर मातीचा पातळ थर आणि खाली काळा बेसॉल्ट. पाणी राहायला जागा म्हणजे खडकाचा वरचा मुरमाड भाग आणि भेगा. नंदुरबार-धुळे परिसरात तर या खडकात उभ्या कातळभिंती घुसलेल्या आहेत. शिलारस भेगांमध्ये थिजून बनलेल्या. त्यांना डाइक म्हणतात. साक्री-धुळे-पारोळा या दिशेने जाणारा एक डाइक तब्बल 79 किलोमीटर लांब आहे. डाइक अखंड असेल तर तो भूजल अडवतो, तडकलेला असेल तर वाट करून देतो. एका शेतात विहिरीला पाणी आणि शेजाऱ्याच्या विहिरीत खडखडाट, याला पायाळू माणसाचे कसब कारण नसते. बहुधा अशी एखादी भिंत असते.

आकडा पाहिला तर दोन काठांमधले अंतर आणखी कळते. भरड वाळूच्या एका घनमीटरमधून साधारण दोनशे ते अडीचशे लिटर पाणी निथळून मिळू शकते. बेसॉल्टमधून मिळते ते जेमतेम दहा ते तीस लिटर.

म्हणून गिरणेच्या पात्रातून उपसल्या जाणाऱ्या वाळूकडे केवळ महसुलाचा किंवा गुन्हेगारीचा विषय म्हणून पाहणे अपुरे आहे. डंपर भरून जाते ती वाळू, पण तिच्यासोबत नदीची टाकीही जाते. पात्र खोल झाले की काठच्या विहिरींचे पाणी उलट पात्राकडे ओढले जाते आणि गावाची नळयोजना एप्रिलमध्येच मान टाकते. उन्हाळ्यात पात्रात झिरा खणून पाणी काढणारी गावे ही टाकी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, उघडे जलाशय वर्षाकाठी दीड-दोन मीटर पाणी उन्हाला देऊन टाकतात; वाळूत दडलेल्या पाण्याला ही घट फारशी सोसावी लागत नाही. तापमान वाढत असताना अशी झाकलेली साठवण उकरून विकणे मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो.

पावसाची चालही बदलते आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात आढळले. 30 आणि 31 ऑगस्ट 2021 दरम्यान तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगावात जे केले, कन्नड घाटात ज्या दरडी कोसळल्या, ते खानदेश विसरलेला नाही. मुरायला पाण्याला वेळ लागतो. चार दिवसांचा पाऊस चार तासांत पडला, तर बझाड्याची खडीसुद्धा त्यातला मोठा भाग नुसता जाताना पाहते.

ते जाणारे पाणी जमिनीत घालायचा उपाय म्हणजे तापी महाकाय पुनर्भरण योजना. मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तिच्या करारावर सह्या केल्या. खारिया-गुटीघाटजवळ तापीवर बंधारा घालून दोन्ही तीरांच्या कालव्यांतून पाणी पायथ्याच्या पट्ट्यात न्यायचे, अशी कल्पना. विज्ञान म्हणून ती भक्कम आहे. पाणी योग्य खडकात जाणार आहे. अडचण गाळाची. पुराची तापी गढूळ असते, हतनूर धरण गाळाने कसे भरत आले हे भुसावळकर जाणतात. न निवळलेले पाणी जमिनीत सोडले, तर खडीची छिद्रे काही वर्षांत बुजतील.

शिरपूरच्या कामाकडे पाहतानाही जमिनीखाली काय आहे हे लक्षात घ्यावे लागते. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून तिथे नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले आणि ते काम गाजले. गाळाच्या जमिनीत पाणी अडवणारे चिकणमातीचे थर फोडून ते खालच्या वाळूपर्यंत पोहोचवणे, हे त्याचे मर्म. पुढे तोच 'शिरपूर पॅटर्न' बेसॉल्टच्या तालुक्यांत जेसीबीसह नेण्याचा उत्साह आला. तिथे फोडायला चिकणमातीच नाही. नाला फार खोल खणला, तर आजूबाजूच्या मुरमातले पाणीच त्यात झिरपून रिकामे होऊ शकते.

पुनर्भरणाने जमा वाढते, खर्चाला मात्र कोणी हात लावत नाही. ठिबकने एकरी पाणी वाचले, पण वाचलेले पाणी नव्या केळीला गेले तर भूजलाला काय मिळाले? खर्च आवरायची रीत धुळ्यात पांझरेवर तीन-चारशे वर्षांपूर्वीच घातली गेली: फड. दगडी बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचे पीक एकच आणि कोणत्या फडाला यंदा ऊस, कोणत्याला हलके पीक, हे पाणी पाहून आधीच ठरलेले. पाटकरी पाणी फिरवायचा, शेतकरी नाही. मोठी धरणे आणि विजेचे पंप आल्यावर ही शिस्त बहुतेक ठिकाणी मोडली.

भूजलाला धरून पीक आराखडा करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यातही आहे. तो 2014 मध्ये लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर घ्यायला तो बंदी करतो. बोअरची गाडी किती फुटांवर थांबते, हे यावलच्या कोणत्याही केळी उत्पादकाला विचारून पाहावे.