नेमबाजीच्या स्पर्धा : नोंदणी, उपस्थिती आणि आपली मुले

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळविले. १९५२ साली खाशाबा जाधव यांनी मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्रातील खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते, हे कळल्यावर आपल्या रेल्वे जंक्शनच्या गावाला त्याचे विशेष कौतुक वाटले. त्यानंतरच्या पालकसभांत आम्हाला एकच प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला : "सर, चाळीसगावच्या मुलाने नेमबाजीत उतरायचे असेल, तर सुरुवात कुठून करायची?"

बहुतेक पालकांची अपेक्षा अशी की आम्ही रायफलीची किंमत सांगावी. आमचे उत्तर वेगळे आहे. सुरुवात प्रवेशपत्रिकेपासून करायची. विद्यालयाच्या क्रीडा समितीचे काम करताना आम्ही जे पाहिले त्यावरून सांगतो की, आपल्या भागातील मुले नेम चुकल्यामुळे जितकी मागे राहतात, त्याहून अधिक मुले नाव वेळेत न गेल्यामुळे, कागदातील एका चुकीमुळे किंवा अर्धा तास उशिरा पोहोचल्यामुळे मागे राहतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक, माजी विद्यार्थी आणि समाजबांधव यांच्यापुढे हा विषय मांडत आहोत.

खेळाची ओळख

शालेय वयात प्रामुख्याने खेळला जातो तो १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल हा प्रकार. यात दारूगोळा नसतो. हवेच्या दाबाने ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. रायफलीच्या लक्ष्यफलकावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तर पिस्तुलाच्या फलकावरील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे. मोठ्यांच्या स्पर्धेत ६० फैरी झाडाव्या लागतात. लहान गटांत ही संख्या कमी असू शकते.

परवान्याविषयीची भीतीही दूर करावयास हवी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असणाऱ्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. खरेदीच्या वेळी ओळखीचा व पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो.

काही पालकांनी आम्हाला संकोचाने विचारले की, जेथे रोज सकाळी पंचशील घेतले जाते, तेथे मुलांच्या हाती बंदूक कशी द्यावी? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणे योग्य नाही. या खेळात समोर कोणी प्राणी नसतो, कागद असतो. श्वास संथ करणे, हृदयाच्या दोन ठोक्यांमधील स्थिरता ओळखणे, मागचा खराब नेम विसरून पुढच्या नेमाकडे पूर्ण लक्ष देणे, हेच येथे शिकावे लागते. नेमबाजीच्या मैदानावर शस्त्र कोणाकडेही रोखता येत नाही, आणि आज्ञेवाचून त्याला हातही लावता येत नाही. ज्याला हा संयम पाळता येत नाही, त्याला पंच मैदानाबाहेर काढतात.

दोन वाटा

स्पर्धेत उतरण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत आणि पुष्कळदा पालकांची त्यांत गल्लत होते.

पहिली वाट शालेय क्रीडा स्पर्धांची. या स्पर्धा राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत भरविल्या जातात आणि जिल्ह्यात त्यांचे काम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय पाहते. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय असा त्यांचा चढता क्रम आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे नाशिक विभागात येतात. या वाटेवर विद्यार्थ्याची नोंदणी शाळा करते. मुलाने किंवा पालकाने थेट जाऊन नाव देता येत नाही. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याशिवाय प्रवेशिका ग्राह्य धरली जात नाही. म्हणजेच या वाटेवरील चुकीची जबाबदारी प्रथम शाळेची असते, हे आम्ही मान्य करतो.

दुसरी वाट रायफल संघटनांची. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. महाराष्ट्र रायफल संघटनेच्या राज्य स्पर्धेला कॅप्टन इझिकेल यांचे नाव आहे. या वाटेवर खेळाडूला संलग्न क्लबचे किंवा संघटनेचे सदस्यत्व घ्यावे लागते, स्वतःचा ओळख क्रमांक मिळवावा लागतो आणि ठरवून दिलेले किमान गुण मिळविले तरच पुढच्या पायरीवर नाव जाते. येथे शाळा नाव पाठवत नाही. ते काम पालकांचे.

महाविद्यालयात गेलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय छात्र सेनेचीही एक वाट आहे. अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती छात्र सेनेमुळेच.

प्रवेशिकेतील रकाने

प्रवेशिका वरवर पाहता साधी दिसते. तिच्यातील प्रत्येक रकान्यामागे मात्र एक नियम उभा असतो.

नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणेच हवी. आपल्याकडे आधार कार्डावर वडिलांचे नाव एका प्रकारे आणि रजिस्टरमध्ये दुसऱ्या प्रकारे लिहिलेले अनेकदा आढळते. कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी. वयोगट जन्मतारखेवरूनच ठरत असल्याने तारखेतला एक आकडा चुकला, तरी खेळाडू अपात्र ठरू शकतो.

प्रकार निवडताना रायफल की पिस्तूल एवढे लिहून भागत नाही. आपल्याकडील स्पर्धांत साध्या उघड्या माशीच्या रायफलीचा, म्हणजे ओपन साईटचा, आणि छिद्रातून पाहावयाच्या पीप साईटचा असे स्वतंत्र प्रकार असतात. विद्यालयाच्या ओपन साईट रायफलीवर सराव करणाऱ्या मुलाचे नाव पीप साईटमध्ये गेले, तर स्पर्धेच्या दिवशी त्याचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट आम्ही फार मोठी किंमत देऊन शिकलो. मैदानावर एका वेळी जितके खेळाडू उभे राहू शकतात, तितक्यांची एक तुकडी केली जाते. तिला 'डिटेल' म्हणतात. दोन मुले एकच रायफल वापरणार असतील, तर तसे प्रवेशिकेसोबत आधीच लेखी कळवावे लागते, म्हणजे आयोजक त्यांना वेगवेगळ्या डिटेलमध्ये घेतात. एका वर्षी आम्ही हे कळविले नाही. आमच्या दोन मुली एकाच डिटेलमध्ये आल्या आणि रायफल एकच होती. तक्ते लागून गेले होते, पुढचे सर्व डिटेल भरले होते. दोघींनी आपसांत ठरविले. जिचे त्या वयोगटातील वर्ष शेवटचे होते, तिने रायफल दुसरीच्या हाती दिली आणि स्वतः मागच्या खुर्चीवर बसून राहिली. परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. आयोजकांचा यात काडीचाही दोष नव्हता. एक ओळ लिहावयाची राहिली होती, आणि ती आम्ही लिहावयाची होती.

स्पर्धेचा दिवस

नोंदणी झाली म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे उपस्थितीचे.

डिटेल सुरू होण्याच्या बऱ्याच आधी खेळाडूने हजेरी द्यावयाची असते. हजेरीपत्रकावर सही, ओळखपत्राची पडताळणी, खेळाडू क्रमांक, त्यानंतर साहित्याची तपासणी. रायफल साडेपाच किलोपेक्षा जड नको, पिस्तूल दीड किलोपेक्षा जड नको. पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा ताण पेलणारा हवा. नळीत सुरक्षेची रंगीत दोरी घातलेली हवी, म्हणजे शस्त्र रिकामे आहे हे दुरूनही दिसते. ही दोरी घरी विसरून आलेली मुले आम्ही पाहिली आहेत. वस्तू अगदी क्षुल्लक, पण तिच्यावाचून काम अडते.

मैदानावर उभे राहिल्यावर तयारी आणि सरावाच्या फैरींसाठी १५ मिनिटे मिळतात. त्यानंतर ६० फैरींसाठी इलेक्ट्रॉनिक फलकांवर १ तास १५ मिनिटे, आणि कागदी फलकांवर १ तास ३० मिनिटे. आज्ञा इंग्रजीत दिल्या जातात : 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड'. मुलांना त्या कानांनी ओळखता आल्या पाहिजेत. 'स्टॉप' म्हटल्यानंतर सुटलेला एक छर्राही महागात पडतो. उशिरा आलेल्या खेळाडूला जागा मिळाली, तरी वाढीव वेळ मिळत नाही. इतरांची पंधरा मिनिटे त्याच्यासाठी थांबत नाहीत.

येथे आपल्या भूगोलाचा विचार करावा लागतो. चाळीसगावहून जळगाव रेल्वेने सुमारे ९५ किलोमीटर, नाशिक रोड सुमारे १४०. सकाळच्या पहिल्या डिटेलसाठी सकाळची गाडी धरणे हा जुगार आहे. गाडी वेळेवर आली, तरी प्रवासात आंबलेल्या खांद्यांनी आणि धडधडत्या छातीने अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका गाठता येत नाही. जेथे मैदान असेल तेथे आदल्या संध्याकाळी पोहोचणे आणि रात्री मुलांना नीट झोप मिळणे, हाही खेळाचाच भाग मानला पाहिजे.

रिकाम्या जागा

उपस्थितीचा आणखी एक अर्थ आहे. ज्या जिल्ह्यात नेमबाजीच्या प्रवेशिका थोड्या येतात, तेथे एखाद्या गटात दोन-तीनच मुले असतात. केवळ हजर राहून पहिला क्रमांक मिळतो, आणि मग विभागीय स्पर्धेत त्या मुलाला खऱ्या चुरशीची ओळख एकदम होते. त्याचा आत्मविश्वास तेथेच खचतो. आपल्या तालुक्यातून अधिक मुले-मुली उतरली, तर त्याचा पहिला लाभ आपल्याच गुणी मुलांना होईल, कारण त्यांना घरच्या अंगणातच झुंज मिळेल.

याच्या उलट बाजूही आहे. नाव देऊन न येणारी मुले थोडी नाहीत. आयोजक डिटेल, फलक, पंच यांची जुळणी आलेल्या प्रवेशिकांवरून करतात. न आलेल्या खेळाडूची जागा तेवढा वेळ रिकामी राहते आणि ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही. म्हणून नोंदणी ही एक वचनपूर्ती आहे, असे आम्ही मुलांना सांगतो. यावयाचे नसेल, तर आधी कळवावे.

मुलींच्या बाबतीत विशेष आग्रहाने लिहितो. या खेळात महाराष्ट्राची कीर्ती मुलींनी वाढविली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. तरीही बाहेरगावी मुक्काम आहे एवढ्या कारणाने आपल्याकडील मुलींची नावे मागे घेतली जातात. सोबतीला एक शिक्षिका किंवा एखादी पालक माता निघाली, की हा प्रश्न सुटतो.

कागद जपून ठेवा

स्पर्धा संपल्यावर मिळणारे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरते नसते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. नियमांत बसणाऱ्या खेळाडूंना दहावी-बारावीत क्रीडा गुणांची सवलतही मिळते. या लाभाच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी होते. नावातील फरक, गायब झालेली प्रवेशिका, न सापडणारा निकालतक्ता यांची आठवण त्या वेळी, कधी दहा वर्षांनंतर येते. म्हणून प्रवेशिकेची प्रत, निकालपत्रकाची प्रत आणि मूळ प्रमाणपत्र एका फाइलीत ठेवावे. त्याची एक प्रत विद्यालयातही असावी.

आपणांकडून अपेक्षा

त्या प्रसंगानंतर विद्यालयात एक वही सुरू केली आहे. जूनमध्ये शाळा उघडताच तीत प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्याचे नाव, रजिस्टरप्रमाणे जन्मतारीख, प्रकार आणि तो कोणती रायफल वापरणार हे लिहिले जाते. शेवटच्या रकान्याचे शीर्षक आहे : 'रायफल सामायिक आहे काय?' प्रवेशिका पाठविण्यापूर्वी दोन शिक्षक ही वही वेगवेगळी तपासतात.

पालकांना विनंती की, आधार आणि शाळेचे रजिस्टर यांतील नाव-तारखेचा मेळ याच वर्षी घालून घ्यावा. स्पर्धेची तारीख आल्यावर ते होत नाही. जळगाव, नाशिक, पुणे येथे स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांना विनंती की, स्पर्धेच्या आदल्या रात्री चार मुलांना आपल्या घरी आसरा द्यावा आणि सकाळी मैदानापर्यंत सोडावे. ज्यांना संगणकावरील अर्ज भरण्याची सवय आहे, त्यांनी जून-जुलैतील एक रविवार विद्यालयाला द्यावा. आणि ज्यांना देणगी द्यावयाची इच्छा आहे, त्यांना एवढेच सांगतो की, विद्यालयाला दुसऱ्या रायफलीची गरज आहे.