परिचारिकेचे संशोधन आणि लोकसमूहाचे आरोग्य

दवाखान्याच्या नोंदवहीत तेथे आलेल्या रुग्णांची नावे असतात. जे आले नाहीत त्यांची नावे तीत असण्याचे कारण नाही. समजा, एका महिन्यात १०० बालकांना लस टोचली, अशी नोंद परिचारिकेने केली. या आकड्यावरून काम चांगले झाले की अपुरे राहिले हे सांगता येत नाही. त्या भागात लस देण्याजोगी बालके ११० असतील तर काम उत्तम झाले. ती ४०० असतील तर दर चारांपैकी तीन बालके संरक्षणावाचून राहिली. अपूर्णांकास अंश व छेद असतात हे शाळेतील विद्यार्थ्यासही ठाऊक असते. नोंदवहीतून केवळ अंश मिळतो. छेद हा गावात, वस्तीत आणि घराघरांत जाऊन शोधावा लागतो.

लोकसमूहाच्या आरोग्याचा अभ्यास या छेदापासून सुरू होतो. एका खाटेवरील रुग्णाऐवजी त्यात संपूर्ण गाव, शाळा, कामगारवस्ती किंवा जिल्हा विचारात घेतला जातो. आणि कोण आजारी पडतात, कोणास उपचार मिळतात व कोणास मिळत नाहीत, याची कारणे तपासली जातात. परिचर्याशास्त्रात याच विषयावर संशोधन करून आचार्यपदवी, म्हणजे पीएच.डी., मिळविणाऱ्या परिचारिका आज जगातील अनेक विद्यापीठांत आढळतात. शुश्रूषा आणि संख्या यांची ही सांगड मात्र नवीन नाही.

दिवा आणि आकडे

१८५४ च्या नोव्हेंबर महिन्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. क्रिमियाचे युद्ध चालू होते. रात्री हातात दिवा घेऊन रुग्णांची विचारपूस करणारी परिचारिका, हे त्यांचे चित्र पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित झाले आहे. त्यांच्या संख्याशास्त्रीय कार्याची माहिती त्या मानाने थोड्यांनाच असते.

युद्ध संपल्यावर त्यांनी मृत्यूंच्या नोंदी एकत्र करून त्यांचा अभ्यास केला. रणांगणावरील जखमांनी जितके सैनिक मृत्यू पावले त्यांहून कितीतरी अधिक सैनिक हगवण, पटकी, ज्वर अशा टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते, असे त्यातून दिसून आले. १८५५ च्या मार्चनंतर स्कुटारी येथील गटारे साफ करण्यात आली, हवा खेळती ठेवण्यात आली आणि मृत्युप्रमाण झपाट्याने उतरले. ही घट मंत्र्यांना एका दृष्टिक्षेपात कळावी म्हणून नाइटिंगेल यांनी वर्तुळाकार आकृत्या तयार केल्या. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. तेथे निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत. पुढे भारतातील ब्रिटिश फौजेच्या आरोग्याचा प्रश्नही त्यांनी हाती घेतला. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही आयोगाच्या अहवालात त्या फौजेतील मृत्युप्रमाण दरवर्षी हजारी ६९ इतके मोठे दाखविण्यात आले होते.

शाळेतील परिचारिका

त्यानंतरचे एक उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे आहे. १८९३ मध्ये लिलियन वॉल्ड या परिचारिकेने तेथील गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत राहून घरोघर शुश्रूषा करण्यास प्रारंभ केला. त्या काळी शाळेत वैद्यकीय तपासणी होत असे. खुपऱ्या, गजकर्ण, उवा, खरूज असे काही आढळले की मुलास घरी पाठविले जाई. घरी औषधपाणी करण्यास कोणी नसे; चिठ्ठीवरील मजकूर आईबापांस वाचता येत नसे; मूल रस्त्यावर त्याच सोबत्यांशी खेळत राही आणि रोगही पसरत राही.

१९०२ मध्ये वॉल्ड यांनी लीना रॉजर्स या परिचारिकेस प्रयोगादाखल चार शाळांत काम करण्यास पाठविले. किरकोळ विकारांवर त्या शाळेतच उपचार करीत आणि नंतर मुलाच्या घरी जाऊन आईस काळजी कशी घ्यावी ते समजावून सांगत. या कामाचे फळ पाहून शहराने आणखी परिचारिका नेमल्या. १९०२ च्या सप्टेंबरमध्ये साडेदहा हजारांवर मुलांना शाळेतून घरी पाठवावे लागले होते; १९०३ च्या सप्टेंबरमध्ये ही संख्या सुमारे अकराशेवर आली.

येथे चिकित्सक वाचकाच्या मनात एक शंका येईल. ही सर्व घट परिचारिकेमुळेच झाली, की त्या वर्षी रोगाचा जोर मुळातच कमी होता? पूर्वी आणि नंतर एवढीच तुलना केली तर या शंकेचे पूर्ण निरसन होत नाही. आचार्यपदवीच्या अभ्यासात परिचारिकेस प्रथम शिकावी लागते ती अशा शंकेची कदर करण्याची सवय.

तुलनेची शिस्त

शंकानिरसनाचा एक मार्ग महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात अवलंबिला गेला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडे जन्म व मृत्यू यांची नोंद कसोशीने ठेवण्यात आली. आरंभी दोन्ही भागांतील नवजात मृत्युप्रमाण हजारी ६० च्या आसपास होते. तिसऱ्या वर्षी पहिल्या भागात ते २५.५ पर्यंत उतरले. तुलनेच्या गावांत ते जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ काळ बदलल्यामुळे मृत्यू घटले असते तर ते दोन्ही भागांत घटले असते, हा युक्तिवाद येथे निर्णायक ठरतो.

प्रत्येक वेळी असा प्रयोग करणे शक्य किंवा योग्य नसते. रुग्णालयात मुद्दाम परिचारिका कमी ठेवून काय होते ते पाहणे कोणासही मान्य होणार नाही. अशा वेळी आहे ती परिस्थिती बारकाईने मोजावी लागते. परिचारिका व समाजशास्त्रज्ञ लिंडा एकेन आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रुग्णांची माहिती तपासली. एका परिचारिकेवर सोपविलेल्या रुग्णांत एकाची भर पडली की ३० दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी अधिक आढळतो, असे त्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेस जे अनुभवाने जाणवत होते, त्यास या मोजणीने पुराव्याचे बळ दिले.

पदवीचा मार्ग

भारतात या अभ्यासासाठी परिचर्याशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आवश्यक असते आणि नंतर किमान तीन वर्षे द्यावी लागतात. प्रारंभी संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र यांचे शिक्षण होते. मग विद्यार्थिनी आपला प्रश्न निश्चित करते. 'मातांचे आरोग्य' हा विषय झाला; तो प्रश्न नव्हे. 'घरी बाळंत झालेल्या मातेस पहिल्या आठवड्यात परिचारिकेने भेट दिल्यास धोक्याची लक्षणे लवकर ओळखली जातात काय?' हा प्रश्न होय, कारण त्याचे उत्तर मोजता येते.

सर्व घरांना भेट देणे अशक्य असल्यामुळे नमुना निवडावा लागतो. लसीकरणाच्या पाहणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेली एक पद्धत प्रसिद्ध आहे: लोकसंख्येच्या प्रमाणात ३० वस्त्या निवडावयाच्या आणि प्रत्येक वस्तीत ७ बालकांची माहिती घ्यावयाची. अशा २१० बालकांवरून मोठ्या प्रदेशाचा अंदाज बांधता येतो. अट इतकीच की, वस्त्यांची निवड सोईने होता कामा नये. सडकेलगतची घरे तेवढी पाहिली तर ज्यांचा शोध घ्यावयाचा तेच लोक पुन्हा नजरेआड राहतात.

नीतिसमितीची अनुमती मिळाल्यावाचून हे काम सुरू करता येत नाही. माहिती देणाऱ्यास उद्देश समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते. नकार दिल्यास त्याच्या उपचारांत उणीव येऊ देता कामा नये. पाहणी करताना एखादे मूल तापाने फणफणलेले आढळले तर ते केवळ कागदावरील एक खूण राहत नाही. त्यास आरोग्यकेंद्रात पोचविणे हे संशोधिकेचे कर्तव्यच ठरते.

भारतातील वाटचाल

नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्याचा अहवाल सादर केला. त्या वेळी सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे प्रमाण त्यात नमूद होते. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५९ मध्ये दिल्लीस पदव्युत्तर आणि १९८६ मध्ये एम.फिल. शिक्षणाची सोय झाली. पुढे आचार्यपदवीचा मार्ग खुला झाला आणि परिषदेने बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने त्यासाठी राष्ट्रीय योजना आखली. अमेरिकेत तर संशोधनाच्या पदवीबरोबरच, उपलब्ध ज्ञान प्रत्यक्ष सेवेत उतरविण्यासाठी दुसरी स्वतंत्र आचार्यपदवीही दिली जाते.

या दोन उद्दिष्टांतील अंतर हाच विचार करण्याजोगा विषय आहे. प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली आणि ग्रंथ फडताळात ठेवला गेला, तर नोंदवहीत नसलेले ते बालक होते तेथेच राहते. सडकेपासून दूरच्या ज्या वस्तीत लस पोचत नाही असे संशोधनाने दाखविले, त्या वस्तीसाठी लसीकरणाचा वार ठरला, परिचारिकेच्या फेरीचा मार्ग बदलला आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी झाली, म्हणजेच त्या अभ्यासाचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.