विश्लेषण : ‘यूजीसी-केअर’ यादी गेली, आता खरे जर्नल ओळखायचे कसे?

‘48 तासांत स्वीकृती, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, सोबत ई-प्रमाणपत्र’, अशा आशयाचे मेसेज पुण्यातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना नवे नाहीत. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा मेसेजच्या शेवटी आणखी एक दावा हमखास असायचा, तो म्हणजे ‘यूजीसी-केअर लिस्टेड’. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये ही केअर यादीच बंद करत असल्याचे जाहीर केले. नियतकालिकांची निवड आता विद्यापीठांनी, महाविद्यालयांनी आणि संशोधकांनी स्वतः करायची आहे. या यादीसाठीची छाननी ज्या शहरात होत होती ते पुणे. त्यामुळे ती का आली, कुठे अडखळली आणि आता शोधनिबंध पाठवणाऱ्याने काय पाहायचे, हे पुण्याच्या अनुभवातूनच समजून घेता येते.

पीअर रिव्ह्यू म्हणजे नेमके काय?

संशोधक आपला शोधनिबंध जर्नलकडे पाठवतो. संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे देतो. पद्धत बरोबर आहे का, आकडे निष्कर्षाला आधार देतात का, हे काम आधी कोणी केले आहे का, हे ते तपासतात. बहुतेक वेळा त्यांना याचे मानधन मिळत नाही. लेखकाला परीक्षकाचे नाव कळत नाही. काही जर्नलमध्ये परीक्षकालाही लेखकाचे नाव कळू देत नाहीत. मग दुरुस्त्या, पुन्हा परीक्षण, कधी सरळ नकार. यात काही आठवडे ते काही महिने जातात. दोन दिवसांत ‘स्वीकृती’ देणाऱ्याकडे यातले काय होत असेल, याचा अंदाज बांधायला संशोधक असण्याची गरज नाही.

या व्यवस्थेचे काही लिखित-अलिखित नियम आहेत. परीक्षकाने हाती आलेल्या अप्रकाशित लेखातली कल्पना उचलायची नाही, ओळखीच्या किंवा स्पर्धकाच्या लेखाचे परीक्षण करताना ते संपादकाला सांगायचे, लेखकाने एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नाही. ब्रिटनमध्ये 1997 मध्ये सुरू झालेली ‘कोप’ ही संपादक आणि प्रकाशकांची संस्था यासाठी मार्गदर्शक तत्त्वे देते. अर्थात नामवंत प्रकाशकही यातून सुटलेले नाहीत. 2014 मध्ये ‘सेज’ या प्रकाशनाला एकाच जर्नलमधले 60 लेख मागे घ्यावे लागले, कारण खोटे ईमेल पत्ते वापरून परीक्षकच बनावट उभे करण्यात आले होते. 2023 मध्ये ‘वायली’च्या मालकीच्या ‘हिंदावी’ने आठ हजारांहून अधिक लेख मागे घेतले. फरक एवढाच, की तिथे चोरी पकडल्यावर लेख मागे घेतला जातो. लुटारू जर्नलमध्ये पकडणारा कोणी नसतोच.

हा बाजार भारतात एवढा का फोफावला?

याचे उत्तर नियमांत आहे. 2010 पासून प्राध्यापकांची नेमणूक आणि पदोन्नती ‘एपीआय’ गुणांशी जोडली गेली आणि छापून आलेल्या प्रत्येक शोधनिबंधाला गुण मिळू लागले. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध असण्याची अटही होती. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय तोकडे, आठवड्याला तासांचा डोंगर, अशा महाविद्यालयातल्या शिक्षकालाही छापील पान हवे होते आणि ते पैसे घेऊन देणारे तयारच होते.

कोलोरॅडो विद्यापीठातले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशकांना ‘प्रीडेटरी’ म्हणजे भक्षक हे नाव दिले. 2013 मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकाचे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट शोधनिबंध थोड्याफार फरकाने 304 जर्नलना पाठवला. 157 जर्नलनी तो स्वीकारला. अशा जर्नलमधून 2014 या एका वर्षात सुमारे 4 लाख 20 हजार लेख छापून आल्याचा अंदाज दोन फिनलंडस्थित अभ्यासकांनी 2015 मध्ये मांडला. त्यांच्या नमुन्यातले साधारण एक तृतीयांश लेखक भारतातले होते. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ समूहाला तर अमेरिकेतल्या न्यायालयाने 2019 मध्ये, संशोधकांची फसवणूक केल्याबद्दल, पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

पुण्यातल्या अभ्यासात काय आढळले होते?

केअरच्या आधीही आयोगाची एक ‘मान्यताप्राप्त’ यादी होती. 2017 मध्ये जाहीर झालेल्या त्या यादीत 30 हजारांहून अधिक जर्नल होती. त्यातला एक भाग विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांचा होता आणि दुखणे तिथेच होते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या 5,699 जर्नलमधून 1,336 जर्नल कोणताही क्रम न लावता निवडली. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये आधीच असलेली 327 वगळली. उरलेल्या 1,009 जर्नलची त्यांनी एकेक करून तपासणी केली. सुमारे 34.5 टक्के जर्नल पहिल्याच पायरीवर बाद झाली. त्यांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारखी प्राथमिक माहिती एकतर चुकीची होती किंवा नव्हतीच. आणखी 52.3 टक्के जर्नलनी खोटी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच संशयास्पद होती. कुणाचा आयएसएसएन क्रमांक चुकीचा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर बनावट. एकूण 88 टक्क्यांहून अधिक जर्नल सुमार दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष ‘करंट सायन्स’च्या मार्च 2018 च्या अंकात प्रसिद्ध झाला.

ही नावे कुणा भामट्याने परस्पर यादीत घुसवलेली नव्हती. ती विद्यापीठांनी, आपल्या शिक्कामोर्तबासह, आयोगाकडे पाठवली होती. ज्यांना त्या जर्नलमधून गुण मिळवायचे होते आणि ज्यांनी नावे सुचवायची होती, ते अनेकदा एकाच आवारातले लोक होते.

2 मे 2018 रोजी आयोगाने 4,305 जर्नल यादीतून काढली. त्या कात्रीत काही चांगली नियतकालिकेही सापडल्याची ओरड तेव्हा झाली. मात्र 2 मेपूर्वी या जर्नलमध्ये छापून आलेले लेख नेमणूक-पदोन्नतीसाठी ग्राह्य राहतील, असेही स्पष्ट करण्यात आले. म्हणजे जर्नल बाद, पण त्यातून मिळालेले गुण कायम.

मग केअर यादीने काय बदलले?

नोव्हेंबर 2018 मध्ये आयोगाने ‘कन्सोर्शियम फॉर अकॅडेमिक अँड रिसर्च एथिक्स’, म्हणजे ‘केअर’, जाहीर केले. पटवर्धन तेव्हा आयोगाचे उपाध्यक्ष होते. जर्नल तपासण्याचा कक्ष पुणे विद्यापीठात सुरू झाला आणि जून 2019 मध्ये नवी यादी खुली झाली. पुढे तिचे दोन गट झाले. पहिल्या गटात केअरच्या निकषांवर तपासलेली जर्नल आणि दुसऱ्यात स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समधली. यादी दर तीन महिन्यांनी अद्ययावत होई. पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही याच काळात सक्तीचा झाला.

भारतीय भाषांतली, विशेषतः मानव्यविद्यांची नियतकालिके पहिल्या गटात येऊ शकत होती, ही मोठी गोष्ट होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ‘अ‍ॅनल्स’ किंवा गोखले संस्थेचे 1959 पासूनचे ‘अर्थविज्ञान’ अशी परंपरा असलेल्या पुण्यात हे वेगळे सांगायला नको. इम्पॅक्ट फॅक्टर हा शब्द जन्माला येण्याआधीपासून इथे संशोधन छापले जात आहे.

आणि क्लोन कसे आले?

भामट्यांनी रस्ता शोधला तो नेमका इथूनच. वर्षानुवर्षे निघणारे, मोजक्या वर्गणीदारांना टपालाने जाणारे, स्वतःचे संकेतस्थळ नसलेले एखादे जुने नियतकालिक हेरायचे. त्याच नावाचे डोमेन विकत घ्यायचे, मूळ अंकाचा आयएसएसएन तिथे लावायचा, मुखपृष्ठाचा फोटो चढवायचा आणि ‘केअर लिस्टेड’ म्हणून लेख मागवायला सुरुवात करायची. मूळ संपादकाला याचा पत्ताही नसतो. लेखकाने यादीत नाव शोधले तर ते सापडते, क्रमांक जुळवला तर जुळतो. काही हजार रुपये भरले की लेख ‘छापून’ येतो. अंक मात्र खऱ्या नियतकालिकाचा नसतो.

केअरच्या संकेतस्थळावर शेवटी अशा क्लोन जर्नलची वेगळी यादी द्यावी लागली. खरे कोणते, नकली कोणते, हे शेजारी-शेजारी दाखवणारी. बनावट नोटा ओळखायला रिझर्व्ह बँक तक्ता छापते, तसेच हे. सगळाच दोष लेखकांवर टाकता येणार नाही. पण आपला लेख ज्यात छापून येणार त्या नियतकालिकाचा एकही जुना अंक न चाळता पैसे भरणाऱ्यांना पूर्णपणे निर्दोषही म्हणता येत नाही.

यादी बंद का झाली?

आयोगाच्या म्हणण्यानुसार, सगळा निर्णय एका ठिकाणी एकवटला होता, नवी जर्नल यादीत यायला उशीर लागत होता आणि निर्णयप्रक्रिया पारदर्शक नसल्याच्या तक्रारी होत्या. एखादे जर्नल अचानक वगळले गेले की त्यात लेख पाठवलेल्यांची पंचाईत होई. म्हणून यादीऐवजी आयोगाने निकष सुचवले. त्यांत संपादक मंडळ, परीक्षणाची पद्धत, नीतिविषयक धोरण, जर्नलची नियमितता अशा बाबी आहेत. ते निकष लावायचे मात्र संस्थांनी.

मेख इथेच आहे. 2018 च्या पुण्यातल्या अभ्यासात बाद ठरलेली बहुसंख्य जर्नल विद्यापीठांच्याच शिफारशीने आली होती. पदोन्नती मागणारा प्राध्यापक आणि जर्नल ‘योग्य’ ठरवणारी समिती एकाच महाविद्यालयातली असेल, तर निकष कितीही चांगले असोत, ते वाकवले जाण्याची शक्यता उरते. एक बदल दिलासादायक आहे. नोव्हेंबर 2022 च्या पीएचडी नियमांतून आयोगाने प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. पण गाईडचा आग्रह, मुलाखतीतले गुण आणि मूल्यांकनाच्या रकाने भरण्याची घाई या गोष्टी एका परिपत्रकाने जात नाहीत.

लेख पाठवण्याआधी काय पाहावे?

मोबाइलवर अर्ध्या तासात होण्यासारखी ही कामे आहेत. आयएसएसएनचे आंतरराष्ट्रीय पोर्टल उघडून क्रमांकापुढचे नाव, प्रकाशक आणि माध्यम पाहावे. नोंद ‘छापील’ अशी असेल आणि समोर फक्त वेबसाइट असेल, तर थांबावे. हा आठ अंकी क्रमांक फक्त ओळख पटवतो. गाडीच्या नंबरप्लेटवरून ड्रायव्हर कसा आहे हे कळत नाही, तसेच त्यावरून दर्जा कळत नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनी दरवर्षी जाहीर करते. त्याच्याशी मिळतीजुळती नावे लावून आकडे वाटणारे अनेक आहेत. स्कोपसमध्ये असल्याचा दावा असेल तर तो जर्नलच्या पानावरच्या लोगोवरून मान्य करू नये. स्कोपसच्या स्वतःच्या मोफत स्रोतयादीत नाव शोधावे आणि नोंद अजून चालू आहे का तेही पाहावे.

संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची नावे त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधावीत आणि थेट ईमेल करून विचारावे. आपले नाव तिथे आहे हे काही जणांना तेव्हाच कळते. आधीच्या अंकातले दोन लेख वाचून पाहावेत. अर्थशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी आणि योगाभ्यास एकाच अंकात शेजारी बसले असतील, तर हे सगळे कोणत्या परीक्षकाने तपासले, हा प्रश्न पडायला हवा. फी घेणारे प्रत्येक जर्नल खोटे नसते, अनेक उत्तम मुक्त-प्रवेश जर्नल फी घेतात. फरक फी कधी मागितली जाते यात असतो. परीक्षणाचा एकही शेरा न पाठवता थेट क्यूआर कोड आला, तर उत्तर मिळालेच.

लेख आधीच अडकला असेल तर?

कॉपीराइट फॉर्मवर सही केलेली नसेल, तर लेख मागे घेत असल्याचे तत्काळ ईमेलने लेखी कळवावे आणि पैसे भरू नयेत. लेख मागे घेण्यासाठीही काही जण पैसे मागतात. त्या धमकीला बळी पडण्याआधी गाईड आणि विद्यापीठाच्या संशोधन विभागाला सांगावे. लेख छापून आला असेल, तर तोच मजकूर दुसऱ्या जर्नलला पाठवता येत नाही. ते दुहेरी प्रकाशन ठरते आणि चांगले जर्नल तो नाकारते. चार वर्षांच्या कामातला मुख्य निष्कर्ष अशा ठिकाणी एकदा छापला गेला, की चांगल्या जर्नलसाठी तो खर्ची पडला. क्लोनकडून फसवणूक झाली असेल तर व्यवहाराची पावती, ईमेल आणि संकेतस्थळाचे स्क्रीनशॉट जपून 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मूळ नियतकालिकाच्या संपादकांनाही कळवावे. त्यांच्या नावाने काय चालले आहे, हे त्यांना बहुधा पहिल्यांदा तुमच्याच पत्रातून समजेल.