सोसाट्याचा वारा आणि उतरते विमान

वारा एकसारखा वाहत नाही, हे भाटघरच्या धरणावर वैशाखात उभे राहिलेल्यास सांगावयास नको. क्षणात झोत, क्षणात स्तब्धता! आपल्याच जिल्ह्यात, बारामतीस, वैमानिक शिकतात. विमान उतरविताना त्यांना झोताहून या स्तब्धतेचे भय अधिक. पंखांना तोलते ती समोरून येणारी हवा. शिकाऊ विमानाची उचल ताशी ८० किलोमीटरच्या आसपास संपते. १०० च्या वेगाने उतरताना समोरचा ३० चा झोत एकाएकी १० वर आला, की तोल गेलाच. उंची जेमतेम आंब्याच्या झाडाएवढी. सावरावयास अवधी नाही. विमान धपकन आदळते, नाकाचे चाक मोडते. म्हणून झोताच्या चढउताराच्या निम्मा, येथे १०, वेग जास्त राखतात. तरीही डळमळले, तर इंजिनास पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जावे. हे चाके टेकण्यापूर्वीच ठरवावे. मागाहून धावपट्टी थोडीच उरते.