कंबरेतलं पहिलं इंजेक्शन दुखणं शोधण्यासाठी असतं

कांद्याची लागण, डोक्यावर वैरणीचा भारा, दिवसभर ट्रॅक्टरची सीट. कंबर धरली की आपल्याकडे निदान ठरलेलंच असतं: "मणक्यात गॅप आहे." मग एमआरआय होतो, रिपोर्टमध्ये झीज लिहून येते. पण चाळिशीनंतर अशी झीज न दुखणाऱ्या कंबरेतही दिसते. नेमकं कुठून दुखतंय, हे फोटो सांगत नाही.

दोन मणके जिथं जुळतात तिथं पाठीमागे डावा-उजवा असे दोन छोटे सांधे असतात. हे फॅसेट सांधे. गुडघ्यासारखेच तेही झिजतात. मागे वाकताना किंवा फार वेळ उभं राहिल्यावर दुखतं, कळ कुल्ल्यात-मांडीत उतरते, सहसा गुडघ्याखाली जात नाही. पण एवढ्यावरून खात्री होत नाही.

इथं सुई कामाला येते. रुग्णाला पालथं झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, सांध्याचं दुखणं वर पोचवणाऱ्या बारीक नसांजवळ भुलेच्या औषधाचे काही थेंब सोडतात. एका सांध्याला अशा दोन नसा असतात. रुग्ण जागाच असतो. पुढच्या काही तासांत दुखणं बरंचसं थांबलं, तर चोर सापडला. नाही थांबलं, तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधायचं.

म्हणून सुई घेऊन आल्यावर घरी झोपून राहू नका. ज्यानं दुखतं ते बेतानं करून बघा, आणि दर तासाला १० पैकी किती दुखतंय ते वहीत लिहा. संध्याकाळी कंबर पुन्हा दुखली की "पैसे पाण्यात गेले" म्हणणारे पुष्कळ. अहो, भूल उतरली, एवढंच! तपासणीचं काम तोवर झालेलं असतं. नुसती सुई टोचली तरी काहींना बरं वाटतं, म्हणून बरेच डॉक्टर ही तपासणी दोनदा करतात.

दोन्ही वेळा आराम पडला तर पुढची पायरी: त्याच नसांना सुईच्या टोकानं साधारण ८० अंशांवर, मिनिट-दीड मिनिट उष्णता देतात. आराम सहा महिने ते वर्षभर टिकू शकतो. नस पुन्हा वाढते, तेव्हा हे परत करता येतं. सांध्यात थेट स्टेरॉइडही देतात, पण त्याचा भरवसा कमी. ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेनं २०१६ मध्ये साध्या कंबरदुखीला मणक्यात इंजेक्शन देऊच नका, असं सांगितलं. उष्णतेचा उपायही आधीच्या तपासणीत आराम पडलेल्यांनाच. तेव्हा कुणी सुई सुचवली तर सरळ विचारा: डॉक्टर, ही तपासणीची की उपचाराची?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर आधीच सांगा. स्टेरॉइडनं काही दिवस साखर वाढते, शुगरवाल्यांनी लक्ष ठेवावं. त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवू नका, सोबत माणूस न्या.

पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मात्र ही गोष्ट वेगळी. तेव्हा या सुईच्या नादी न लागता त्याच दिवशी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात जा.