आजीला विचारा, नारू म्हणजे काय?

महाशिवरात्रीला बारवेत दिवे लावलेले फोटो तुमच्या फीडवर आले असतील. तुमच्यापैकी काहींनी स्वतः पायऱ्या उतरून, पाण्याच्या अगदी काठावर बसून रील पण केली असेल. मस्तच. आता एक काम करा. तोच फोटो घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाला दाखवा आणि विचारा, ‘नारू’ म्हणजे काय?

मराठवाड्यातली बरीच आजी-आजोबा मंडळी या शब्दाला लगेच ओळख देतील. काहीजण पोटरीकडे बोट दाखवतील. आपल्या पिढीला मात्र हा शब्द कोड्यासारखा वाटतो, आणि त्यामागे एक जबरदस्त गोष्ट आहे.

नारू हा कृमी. मादी ६० ते १०० सेंटिमीटर लांब, जाडीला शेवईएवढी. ती माणसाच्या कातडीखाली राहते, तेही वर्षभर, काही कळू न देता. मग पायावर एक फोड येतो. आग होते, अशी की माणूस पाय पाण्यात बुडवायला धावतो. आणि नारूला नेमकं हेच हवं असतं! फोड फुटतो, मादीचं तोंडाकडचं टोक बाहेर येतं आणि ती लाखो अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा पाणकिडा गिळतो. त्याच्या पोटात साधारण दोन आठवड्यांत अळी तयार होते. दुसरा कुणी ते पाणी न गाळता पितो, सायक्लॉप्स पोटात जातो, तिथल्या आम्लात मरतो, अळ्या सुटतात, आतडं भेदून शरीरात शिरतात. नर-मादीचं मीलन झालं की नर मरतो. मादी मात्र वाढत राहते. पुन्हा वर्षभरानं फोड.

म्हणजे या परजीवीला दोन यजमान लागतात, एक आपण आणि एक तो पाणकिडा. आणि दोघांची गाठ पडायला एक जागा लागते, जिथे दुखरा पाय आणि पिण्याची घागर एकाच पाण्यात उतरतात. पायऱ्यांची विहीर, म्हणजे आपली बारव, त्यासाठी अगदी सोयीची होती. तिच्या सौंदर्याला यानं कमीपणा येत नाही. पण दगडी कोनाडे बघताना हेही माहीत असलेलं बरं.

निदान? नारूइतकं सोपं निदान क्वचितच कुठल्या परजीवीचं असेल. रक्त नाही, स्लाइड नाही. कृमी बाहेर डोकावला की घरातलं कुणीही सांगायचं, नारू आहे. पण त्याआधीचं वर्षभर? तेव्हा ओळखायला कुठलीच चाचणी नव्हती. औषध नव्हतं, लस आजही नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. उपाय एकच, काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला तर आत सूज, पू, कधी कायमचं लंगडेपण. आणि हे नेमकं शेतीच्या हंगामात. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांनी महिनाभर खाटेवर पडून राहायचं.

मग हा गेला कसा? इथे आपल्या शेजारच्या जालन्याचा संबंध येतो. विंधणविहिरीवर सारखे मोडणारे हातपंप ही मोठी डोकेदुखी होती. जालन्यातल्या मिशनच्या पाणी प्रकल्पात एक दणकट पंप तयार झाला, ‘जालना पंप’. त्यातून पुढे सोलापूरचा पंप आणि मग १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’. गावोगाव दिसणारा, लांब दांड्याचा तो हातपंप तोच. जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या हातपंपांपैकी एक. पंपाच्या पाण्यात पाय बुडवता येत नाही, एवढी साधी गोष्ट!

१९८० च्या दशकात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सात राज्यांत हा आजार होता. त्यात महाराष्ट्र होता. पंप बसले, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठडे बांधले गेले, पाण्यात टेमेफॉस टाकलं गेलं, बायकांनी दुपदरी कापडानं पाणी गाळलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. १९८६ च्या सुमारास जगात वर्षाला ३५ लाख लोकांना होणारा हा आजार २०२४ मध्ये फक्त १५ जणांना झाला. एकाही गोळीशिवाय. मला विचाराल तर ही आपल्या अभ्यासक्रमातल्या दोन ओळींपेक्षा बरीच मोठी बातमी आहे.

सगळेच परजीवी इतके सरळ नसतात. डुकराच्या मांसातला पट्टकृमी घ्या. अर्धकच्चं मांस खाल्लं की अळी पोटात जाते आणि आतड्यात पट्टकृमी वाढतो. इथवर ठीक. पण त्या माणसाच्या विष्ठेतून पडणारी अंडी न धुतलेल्या हातावरून, कोथिंबिरीवरून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्या दुसऱ्याच्या शरीरात डुकराची भूमिका वठवली जाते. अळ्या रक्तातून मेंदूत पोचतात आणि तिथे गाठी करून बसतात. मग एक दिवस धडधाकट मुलाला वर्गात फिट येते. ‘आम्ही तर शुद्ध शाकाहारी’ हे वाक्य इथे काही कामाचं नाही. इथे स्टूल टेस्ट स्वच्छ येऊ शकते. शोध सीटी स्कॅनमध्ये, एमआरआयमध्ये लागतो. म्हणून फिट आली की कांदा-चप्पल हुंगवू नका, बाहेरची बाधा शोधू नका, न्यूरॉलॉजी गाठा. आणि अल्बेंडाझोल मेडिकलमधून आणून स्वतःच घेऊ नका. मेंदूतली गाठ मरताना सूज येते, त्यामुळे ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

हत्तीरोगाचा कृमी तर वेळ पाळतो. त्याची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, कारण डास रात्री चावतात. म्हणून विदर्भात आणि नांदेडकडे आरोग्य कर्मचारी रात्री दारावर येऊन बोटातून रक्त घेतात. दुपारी घेतलेला नमुना रिकामाच यायची शक्यता.

आता आपल्याकडे या. नळाला रोज पाणी न येणारं आपलं शहर, ड्रममध्ये साठवलेलं पाणी, होस्टेलची मेस, निराला बाजारात रात्री अकराला खाल्लेली पाणीपुरी. पोट बिघडलं की चॅट ग्रुपवर विचारून मेट्रोनिडाझोल घेणारे किती जण आहेत, हात वर करा. जिआर्डिया, अमीबा, जंत, साधा व्हायरस, सगळ्यांची सुरुवात सारखीच दिसते. त्यात जिआर्डियाच्या पुटी नेहमीच्या क्लोरीनलाही सहज दाद देत नाहीत, पाणी उकळावंच लागतं. एफवायला असाल आणि अजून १९ पूर्ण नसतील, तर १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाच्या वयोगटात (१ ते १९) तुम्हीही बसता, बरं का.

घाटीत किंवा कुठेही डॉक्टरांनी ‘स्टूल’ लिहून दिलं की आपण लाजून चिठ्ठी खिशात घालतो. तसं करू नका. डबी कोरडी हवी, नमुन्यात लघवी किंवा पाणी मिसळू द्यायचं नाही. जुलाब पातळ असतील तर अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवा, कारण जिवंत अमीबा सरकताना दिसला तरच ओळखणं सोपं, थंड पडला की गेला. एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही. अंडी आणि पुटी रोज पडत नाहीत, म्हणून डॉक्टर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. तिन्ही डब्यांवर नाव आणि वेळ लिहा, रूममेटची डबी शेजारी असेल तर जरा जास्तच ठळक.