अत्तर उडून जाऊ नये म्हणून...

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवाची धामधूम असते. वाण, तिळगूळ, गुलाबपाणी आणि मनगटावर अत्तराचं बोट! आमच्या बचत गटाच्या हळदीकुंकवात हे अत्तर घरी केलेलं असतं आणि ते येणाऱ्या प्रत्येकीला लावलं जातं, मग तिचा नवरा हयात असो वा नसो. कुंकू लावायचं की नाही हे जिचं तिनं ठरवावं, पण सुवासाची बंदी कुणालाच नको, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.

तक्रार मात्र दरवर्षी एकच असते. "ताई, वास छान आहे हो, पण घरी पोचेपर्यंत उडून जातो!"

अशा वेळी चटकन सुचणारा उपाय म्हणजे अजून थोडं ओतणं. आमच्या गटातल्या एकीनं तेच केलं. लवंग आणि दालचिनीचं इसेन्शियल ऑइल कशातही न मिसळता थेट मानेला लावलं. मान लालबुंद झाली, आग आग व्हायला लागली आणि मागे काळपट डाग राहिला. ऐन लग्नसराईत बिचारी मानेभोवती पदर लपेटून वावरत होती. तेव्हा मैत्रिणींनो, वास तेज असणं वेगळं आणि वास टिकणं वेगळं, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

वास का उडतो?

वास म्हणजे हवेत उडणारे सूक्ष्म कण. लिंबू, संत्रं, गवती चहा यांचे कण हलके. ते पहिल्यांदा नाकात शिरतात आणि तितक्याच लवकर निघून जातात. फुलांचे वास मधले. चंदन, वाळा, नागरमोथा यांचे कण मात्र जड असतात. ते तासन् तास त्वचेवर बसून राहतात आणि सोबतच्या हलक्या वासांनाही थोडं धरून ठेवतात. नुसत्या संत्र्याच्या तेलाचं अत्तर केलं तर ते अर्ध्या तासात गायब होणारच, त्यात तुमची काही चूक नाही.

आपल्या आजी-पणजीला हे ठाऊक असावं. दिवाळीचं उटणं आठवून बघा. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा, चंदन... बहुतेक मुळं नि लाकडंच की! उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवालेही हेच करत आले. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी उकळायचं, वाफ नळीतून भपक्यात सोडायची आणि त्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल भरून ठेवायचं. फुलाचा वास चंदनात उतरतो आणि मग टिकतो. चंदन फार महाग झाल्यापासून तिथेही पुष्कळदा दुसरी तेलं वापरतात, पण मूळ युक्ती हीच.

घरी करताना

बाजारातल्या सेंट-स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं. घरी त्याच्या फंदात पडू नका. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्पिरिट विषारी असतं, ते अंगाला लावायचं नाही. आपल्याला तेलच बरं. ते त्वचेवर राहतं आणि वासाला सावकाश सोडतं. बदामाचं किंवा जोजोबाचं तेल उत्तम, कारण त्यांना स्वतःचा वास फारसा नसतो. जोजोबा तर लवकर खवटही होत नाही. तिळाचं तेल चालतं, पण त्याचा वास थोडा मध्ये येतो. खोबरेल थंडीत गोठतं, एवढं लक्षात ठेवा.

वाळ्याचं तेल करणं सोपं आहे. वाळ्याची स्वच्छ, कोरडी मुळं बारीक कापा. वाटीत ती बुडतील एवढं तेल घाला. ही वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर दोन-तीन तास राहू द्या. मग बरणीत भरून आठवडाभर ठेवा आणि फडक्यातून गाळून घ्या.

उन्हाळ्यात मोगऱ्याचंही असंच करता येतं, पण आचेशिवाय. मोगरा खुडल्यावरही रात्रभर वास सोडत राहतो. संध्याकाळी उमलत्या कळ्या तेलात टाकायच्या, सकाळी काढायच्या, संध्याकाळी पुन्हा ताज्या टाकायच्या. असं पाच-सात दिवस करा. कळ्यांवर पाणी अजिबात नको, नाहीतर तेलाला बुरशी येईल. फुलेल नावाचं जुनं सुगंधी तेल याच तत्त्वावर व्हायचं. तिळात चमेलीच्या फुलांचे थर द्यायचे, फुलं पुन्हा पुन्हा बदलायची आणि मग ते तीळ घाण्यावर गाळायचे.

आता प्रमाण. 10 मिलिलिटर तेलात सगळी इसेन्शियल ऑइल मिळून 12 ते 15 थेंब, त्याहून जास्त नको. आमचं नेहमीचं माप असं: चंदन 5 थेंब, वाळा 3, नागरमोथा 1 आणि गुलाबासारख्या वासाचं जिरेनियम 4. चंदन परवडत नसेल तर वाळा दोन थेंबांनी वाढवा. लवंग आवडत असेल तर एकच थेंब. दालचिनी नकोच.

मिसळलं की लगेच वापरायची घाई करू नका. लोणच्यासारखं हेही मुरावं लागतं. गडद रंगाच्या काचेच्या छोट्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, तीन आठवडे अंधाऱ्या जागी ठेवा. वास एकजीव होतो. प्लास्टिकची बाटली नको आणि बाथरूमचं कपाटही नको. उष्णता, ऊन आणि हवा हे अत्तराचे तीन शत्रू.

प्रवासात सांडायची भीती वाटत असेल तर घट्ट अत्तर करा. एक चमचा मधमाश्यांचं मेण, चार चमचे तेल. गरम पाण्यावर मेण वितळवा, जरा निवलं की त्याच प्रमाणात थेंब घाला आणि डबीत ओता. मेणामुळे वास आणखी सावकाश सुटतो.

लावायचं कसं?

कोरड्या, उललेल्या त्वचेवर वास टिकत नाही. म्हणून आंघोळीनंतर अंग टिपून घ्यायचं आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मनगट, कोपराचा आतला भाग, कानामागे थोडं तेल किंवा व्हॅसलीन चोळायचं. त्यावर अत्तराचं बोट टेकवायचं. घामावर लावू नये. घाम पुसला की अत्तरही पुसलं जातं.

लावल्यावर मनगटावर मनगट घासायची आपल्याला सवय असते. घासल्यानं त्वचा गरम होते आणि हलके वास लवकर उडतात. नुसतं टेकवा, पुरे.

सुती कपड्यावर वास अंगापेक्षा जास्त टिकतो, पण तेलाचा डाग पडतो. पैठणीवर तर चुकूनही नको! त्यापेक्षा कापसाचा फाया करून कानात ठेवायची जुनी रीत छान. तोच फाया नंतर कागदाच्या पुडीत बांधून साड्यांच्या कपाटात ठेवा.

आणि हो, "वास गेला" असं वाटलं तरी तो गेलेलाच असतो असं नाही. आपलं नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावतं. फोडणीचा वास स्वयंपाक करणारीला येत नाही, बाहेरून येणाऱ्याला येतो, तसंच. म्हणून पुन्हा लावण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा. कितीतरी वेळा उत्तर मिळतं, "येतोय की मघापासून!"

हे जपाच

नवं अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस थांबा. लाल झालं, खाज सुटली तर वापरू नका. लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. लिंबू-संत्र्याची तेलं जुनी झाली की त्यांचं पुरळ उठण्याची शक्यताही वाढते. अगरबत्तीसाठी मिळणारा सुटा सेंट अंगाला लावायचा नाही. गरोदर असाल, दमा असेल तर डॉक्टरांना विचारा. तान्ह्या बाळाला इसेन्शियल ऑइल लावू नका. कापूर आणि या बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, कारण ते पोटात जाणं धोक्याचं असतं.

बचत गटातर्फे विकायचा विचार असेल तर आणखी एक. अत्तर हे कायद्यानं सौंदर्यप्रसाधन आहे. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार विक्रीसाठी ते बनवायला परवाना लागतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आधी चौकशी करा, मगच लेबलं छापा. आम्हीही सध्या वाटण्यापुरतंच करतो.

संक्रांतीला अत्तर हवं असेल तर मुरायचे तीन आठवडे मागे मोजा आणि मार्गशीर्षातच करायला घ्या. एका 10 मिलिलिटरच्या बाटलीत वाड्यातल्या सगळ्यांची मनगटं होतात. बोट मात्र हलकंच टेकवायचं!